पुढचं चित्र

रावणाने सीतेला उचललं आणि पडदा काळा झाला. क्षणभरच, पण विश्रामआबांचा सूर तुटला. कापऱ्या हातांना चित्रकथेची पानं धरवत नव्हती, म्हणून नातीने, हेमांगीने, त्या पानांचे फोटो लॅपटॉपवर घेऊन ते पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम लिहिला होता. आता प्रत्येक चित्राआधी हा काळोख.

"रावणान सीतेबरोबर लाईटय पळवल्यान!" तालमीला बसलेला टाळकरी हसला.

आबा हसले नाहीत. "बंद कर गो. माझा गाणा पुरे आता."

"पण आबा, तुम्ही पानं बदलायचात तेव्हा कधी अडलं नाही. ते कसं?"

"एक चित्र दाखवतानाच मी पुढचा बोटान सैल करून ठेवय. लोकांका दिसा एकच."

हेमांगी थबकली. तिचा प्रोग्राम कळ दाबल्यावरच पुढचं चित्र उघडायला धावत होता. तिने त्याला आबांची रीत शिकवली: समोर एक चित्र असतानाच पुढचं पडद्यामागे उघडून ठेवायचं.

संध्याकाळी गावासमोर सीता, जटायू, लंका आबांच्या ओवीगणिक पडद्यावर येत गेली. कथा संपली, टाळ थांबले. आबांनी डोळे पुसले.

"घराकडे चित्रांच्यो आणखी नऊ पोथ्यो आसत," ते हळूच म्हणाले. "त्यांचेय फोटो काढ."