गुंजीकरांचं ठरलेलं मत

भास्करराव गुंजीकर बोटाला शाई लावून घ्यायला केंद्रावर आले, तेव्हा यंत्रानं त्यांचं मत सकाळी सातलाच देऊन टाकलं होतं.

"ताई, या वेळी मला दुसऱ्याला द्यायचं होतं हो," ते शाई लावणाऱ्या बाईंना म्हणाले. " आमदारांनी दवाखाना पाडला, आणि आमची ही लांबच्या दवाखान्यात नेताना रिक्षातच गेली."

"काका, नऊ निवडणुका तुम्ही त्यांनाच दिलंत. यंत्र मतदाराचा इतिहास बघून मत देतं."

"ते शेजारी राहायचे. भिडेखातर देत आलो."

"हरकत नोंदवायला अर्धा तास लागेल. मागे रांग आहे, बघा."

भास्कररावांनी मागे पाहिलं. लोक ताटकळले होते.

"मग राहू द्या," म्हणत त्यांनी बोट पुढे केलं.

यंत्रानं तेही टिपलं आणि पुढच्या पाच निवडणुकांचं त्यांचं मत देऊन टाकलं.