विश्वासानं बोल

मुखेडच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत नव्या विश्वासणाऱ्यांना तयार करायचं काम माझ्याकडे आहे. त्यांच्यातली अयोध्या आज पहिल्यांदा माईकवर साक्ष देणार होती, प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढं सांगणार होती. आठवडाभर मी तिच्याकडून एकच वाक्य घोटून घेतलं होतं: "प्रभूनं माझ्या लेकराची फिट बंद केली." "पर अजून येती की, ताई," ती दर वेळी म्हणायची. "विश्वासानं बोल. तोंडातून निघालं की तसं होतं," मी दर वेळी दटावायची. आता ती पुढं उभी होती, तिचं लेकरू माझ्या मांडीवर होतं आणि मला एका जागी बसवत नव्हतं. ती जरा थांबली की माझेच ओठ हलत. "म्या लई प्रार्थना केली," ती म्हणाली. "हालेलूया!" सगळ्यांनी साथ दिली. "ताईनं बी उपास धरला." "हालेलूया!" "पर फिट बंद न्हाई झाली. आज सकाळीच आली." "हालेलूया!" सवयीनं सगळे गरजले, मीसुद्धा. मग एकेकाच्या लक्षात आलं आणि वर गेलेले हात खाली आले. तेवढ्यात मांडीवरचं अंग ताठ झालं, इवल्या मुठीत माझा पदर आवळला गेला. अयोध्या धावत आली. लेकराला तिनं कुशीवर वळवलं आणि माईक माझ्यापुढं धरला. "माझ्या तोंडातून निघालं म्हणून आली ती," ती रडत म्हणाली. "आता तुमी बोला, ताई." माईक चालूच होता. स्पीकरमधून सगळ्यांना माझा नुसता श्वास ऐकू येत होता.