डॉजला मुशीचं तेल
पावसाळ्याआधी होडी किनाऱ्यावर ओढली की आय तिला मुशी माशाच्या तेलाचा हात द्यायची आणि उरलेलं तेल डॉज गाडीला फासायची. बा मुंबईत ज्या पारशी शेठकडे ड्रायव्हर होता, त्यांनी मरताना ही अमेरिकन गाडी त्याच्या नावावर केली. बाने ती भाईंदरला आणून अंगणात उभी केली, आयला म्हणाला, "होडीसारखी जप हिला," आणि त्याच महिन्यात छातीत कळ येऊन गेला. घरात दुसऱ्या कुणालाच गाडीतलं काही कळत नव्हतं. बाहत्तर साली मला होडीला इंजिन बसवायचं होतं, म्हणून मी डॉज विकायला काढली. ग्रँट रोडचा दलाल आला, नाकाला रुमाल लावून गाडीखाली वाकला आणि चकित होऊन म्हणाला, "खाडीच्या खाऱ्या हवेत पत्रा एवढा चांगला राहिला कसा?" मी मनातल्या मनात भाव दुप्पट केला. मग त्याने बॉनेट उघडलं, बराच वेळ खटपट केली. "इंजिन तर जाम झालंय. आतमध्ये तेल लास्ट कधी टाकलं?" मी आयकडे बघितलं. "होडीच्या पोटात कोन तेल वततंय?" ती म्हणाली. दलाल डोकं खाजवत राहिला. "काय भाव सांगू? अशी गाडी बघितलीच नाही कधी." हसावं की ओरडावं, मला कळेना. आय मात्र पहिल्यांदाच बॉनेटखाली वाकून बघत होती. "तुझ्या बाचं बी असंच झालं," ती हळूच म्हणाली. "अंगावर येक वरखडा न्हवता. आत बघायचं असतंय, ते ठावंच न्हवतं."