पाठकोरा

निवृत्तीच्या दिवशीही बाईंनी पहिलीच्या पोरांना कागदी हिमफुलं कापायला शिकवलं. "घडी नीट घाला, म्हणजे सगळ्या पाकळ्या सारख्या येतील. खरी फुलं ऋतू पालटला की वितळतात, पण रडायचं नाही. पुढच्या हिवाळ्यात नवी येतात." कोरा कागद वाया घालवणं बाईंच्या जिवावर येई, म्हणून टेबलावरचे पाठकोरे कागद घ्यायचे, हा त्यांचा जुना नियम. निरोपसमारंभात बाई बोलायला उठल्या आणि पर्स उलथीपालथी करू लागल्या. आठवडाभर खपून लिहिलेलं भाषण गायब! तेवढ्यात त्यांचं लक्ष पुढचे दात पडलेल्या एका पोरीच्या फुलाकडे गेलं. पाकळीपाकळीवर त्यांचंच अक्षर! "पाठकोराच होता, बाई," ती घाबरून म्हणाली. बाईंनी फूल डोळ्यांसमोर धरलं. एकही वाक्य धड उरलं नव्हतं. "बाई, तुम्ही रडताय?" "छे गं," तिला उचलून घेत बाई म्हणाल्या, "फूल वितळतंय."