हंड्यावरचं नाव

अडुसष्टच्या पावसाळ्यात तापीचं पाणी सारंगखेड्यात शिरलं आणि सिंधुबाईच्या घरात पितळेचं एकही भांडं उरलं नाही. म्हणूनच दिवाळीच्या तोंडावर दगुबाईच्या ओट्यावर पितळेचा हंडा दिसला, तेव्हा ती थबकली. दगुबाई तिच्यासोबत कापसाच्या जिनात कामाला होती. सिंधुबाईला वाचता येत नव्हतं, पण लग्नापासून रोज घासलेल्या भांड्यांवरचं आपलं नाव ती नजरेनं ओळखायची. हंड्यावर तेच नाव होतं.

दुसऱ्या दिवशी जिनातल्याच केसरबाईच्या पिशवीत तांब्या दिसला. त्यावरही तेच! शिवाय ती जवळ गेली की बायकांची कुजबुज थांबायची. म्हणजे पुरानं थोडंच नेलं, बाकीचं या सटव्यांनी वाटून घेतलं होतं तर!

धनतेरसला दगुबाई, केसरबाई आणि जिनातल्याच आणखी दोघी भांड्यांतून फराळ घेऊन तिच्या दारात आल्या.

"मन्हाच हंडा माले दी ऱ्हायनी का?" सिंधुबाई कडाडली.

"तुन्हा हंडा तापीमाय लई गयी," दगुबाई खाली बघत म्हणाली. "हाऊ मन्हा माहेरना शे."

सिंधुबाईनं हंडा हिसकावला, तसा तिचा अंगठा एका खडबडीत जागेवर अडला. कानशीनं घासलेली जागा होती ती. तिनं तांब्या फिरवून पाहिला, मग परात, मग डबा. तिचं नाव घालण्याआधी प्रत्येकीनं आपलं नाव घासून टाकलं होतं.