भाजीबाजारामागची गल्ली

ऐका ना, भर दुपारची गोष्ट आहे, ऊन नुसतं भाजत होतं. हुजैफा आणि त्याची धाकटी बहीण फलक पंचवटीतल्या पायवाटा नकाशावर टाकत फिरत होते. हा नकाशा कुणीही सुधारू शकतो, म्हणून सगळे एक नियम पाळतात: जे जमिनीवर नाही, ते नकाशावर ठेवायचं नाही.

फलक पुढं गेली होती. हुजैफाच्या मोबाईलवर भाजीबाजारामागं एक बारीक गल्ली दिसत होती आणि समोर बघावं तर सरळसोट दगडी भिंत.

"कुठल्या शहाण्यानं काढली ही?" म्हणत हुजैफानं ती डिलीट मारली.

लगेच फलकचा फोन. "भाई, आहेस कुठं? बाजारामागच्या गल्लीत ये, काय गार आहे इथं!"

"कुठली गल्ली?"

"अरे, आत्ता तर शिरले... थांब. इथं भिंत कशी आली? भाई, मस्करी नको, मला बाहेर काढ!"

हुजैफानं घाईघाईत गल्ली परत काढली, पण रेघ वाकडीतिकडी आली. तशीच सेव्ह केली. समोरची भिंत होती तिथंच. त्यानं तिच्यावर हात आपटले.

"भाई, गल्ली वाकडी व्हायला लागलीय," फलक म्हणाली. मग एकदम हसली. "हां, दिसलास! त्या वळणावरून येतोयस ना? केवढं घाबरवलंस रे!"

"फलक, मी बाहेरच आहे!" तो ओरडला.

"ओरडतोस कशाला? आलास ना आता. दे हात."