देव्हाऱ्यातला देवमासा

“दूध नको, काकू. पाणीही नको. आज आंघोळ नाही घालायची त्याला.”

शोभनाकाकूंनी पळी परत पंचपात्रात ठेवली. देव्हाऱ्यात बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा यांच्या मधे, तांदळाच्या छोट्या राशीवर तो बसला होता. काळ्या दगडात कोरलेला, अंगठ्याएवढा देवमासा. एका डोळ्याच्या जागी शिंपल्याचा बारीक मणी, डांबराने चिकटवलेला. दुसऱ्या डोळ्याची नुसती खोबण. कपाळावर हळदीचा पिवळा थर.

काकूंच्या यजमानांना, डॉक्टरांना, तो कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर वाळूत सापडला होता. मत्स्यावतार म्हणून काकूंनी तो देवांत ठेवला. पुढे घरं बदलत ती दोघं अमेरिकेच्या पार पूर्व टोकाला, पार्सिपनीला आली, त्याची जागा बदलली नाही. आता डॉक्टर नव्हते. आणि यंदा गणपतीच्या आरतीला जवळच्याच पिस्कॅटवेहून आलेली देवयानी, जी दगडांवरच रिसर्च करते, देव्हाऱ्यापुढे वाकली ती वाकलेलीच राहिली. “काकू, हा चुमाश लोकांचा आहे. त्या किनाऱ्यावर गोऱ्यांच्या आधीपासून राहतात ते. त्यांच्या पूर्वजांनी कोरलाय.”

आज ती तो न्यायला आली होती. तिने निळे ग्लव्ज चढवले.

“सोवळ्यात आलीस वाटतं,” काकू म्हणाल्या. “आणि मला सांगतेस हात लावू नका.”

“दगड फार मऊ असतो हा. संगजिरा. रोज पुसून पुसून शेपटीवरच्या रेषा गेल्यात, बघा.”

काकूंनी पाहिलं. “म्हणजे मी घालवल्या.”

देवयानीला बोललेलं परत घ्यावंसं वाटलं. पण ते खरंच होतं. ती म्हणाली, “तिकडच्या एका आजींशी फोनवर बोलले मी. चुमाश लोकांतल्याच. त्यांनी आधी एवढंच विचारलं, इतकी वर्षं तो कुठल्या खोक्यात होता, अंधारात होता का.”

“खोक्यात?” काकू ताठ झाल्या. “रोज दिवा लागतो इथे. सांगितलंस का त्यांना?”

“सांगितलं.”

“मग?”

“मग म्हणाल्या, त्या बाईंना द्यायचा असेल तरच आण. ओढून आणू नकोस.”

काकू देव्हाऱ्याकडे वळल्या. नंतर त्यांनी कुंकवाच्या करंड्याशेजारची चांदीची डबी उघडली. आत शिंपल्याचा मणी होता.

“न्हाऊ घालताना निखळला. हे म्हणाले, ग्लूने चिकटवतो. मी म्हटलं, देवाला कसला ग्लू लावता?”

“फार बरं केलंत,” देवयानी घाईने म्हणाली. काकूंना हसू आलं.

“पाठवायचा तर रीतीने पाठवू. उत्तरपूजा करते.”

“अक्षता शेजारी टाकाल का? अंगावर नको. दहीसुद्धा...”

“दही तुझ्या हातावर देते. तूच चाललीयेस ना त्याच्याबरोबर?”

देवयानीने एक ग्लव्ह काढून तळवा पुढे केला.

काकूंनी अक्षता घेतल्या आणि हलक्या आवाजात मंत्र सुरू केला. देवयानीने तो लहानपणापासून दर गणपतीत ऐकलेला होता. शेवटी देवाला ‘पुनरागमनाय च’, म्हणजे पुन्हा या, असं म्हणायचं आणि मूर्ती जागची हलवायची. काकू तिथपर्यंत आल्या आणि थांबल्या.

त्या विसरल्या असं वाटून देवयानीने हळूच शब्द सुचवले.

“येतं मला,” काकू म्हणाल्या. “त्याला ते नाही म्हणायचं.”

त्यांनी अक्षता शेजारी ठेवल्या. मग उघड्या बोटाने देवमाशाचं तोंड पश्चिमेकडे फिरवलं. देवयानीने त्यांना अडवलं नाही.